पट्ट्याने हात बदलला की कुलूप उघडत नाही

ठोका-कुलूप म्हणजे मनगटाच्या पट्ट्याने हृदयाचा ठोका ओळखून मोबाईलमधल्या कागदपत्रांच्या फाईल उघडणारं कुलूप. फवारणीच्या दिवसांत ते वापरणारे कास्तकार "फाईल उघडून नाही राहिली" म्हणत दुकानात येतात. बहुतेक वेळा पट्टाही ठीक असतो, मोबाईलही. पाठीवरच्या पंपाचा दांडा डाव्या हाताने मारताना पट्टा आड येतो, म्हणून तो उजव्या मनगटाला बांधला जातो आणि तिथेच राहतो.

पट्ट्याची पाठ एका मनगटाला, बाजूच्या धातूच्या पट्टीवर दुसऱ्या हाताचं बोट. या दोन हातांमधला हृदयाच्या विजेचा फरक पट्टा लहरीच्या रूपात टिपतो. हात बदलले की लहर उलटी होते, वर जाणारं टोक खाली जातं. मालकाची ओळख लहरीच्या आकारावरून पटते, नुसत्या ठोक्यांच्या संख्येवरून नाही. म्हणून पट्टा पुन्हा डाव्या हाताला बांधा, उजव्या हाताचं बोट टेकवा. सातबारा, आधार, पासबुकाचे फोटो उघडतील आणि एसटीचं भाडं वाचेल.

वावरातून आल्या आल्या करू नका, दहा मिनिटं बसा. ठोके वाढले की लहरीचा शेवटचा उंचवटा नेहमीपेक्षा लवकर येतो. कोपर टेबलावर ठेवा, मूठ आवळू नका, 30 सेकंद बोलू नका. फवारणीचे हात आधी साबणाने धुवा. थंडीत भेगाळलेलं बोट ओल्या फडक्याने पुसा. मोबाईल चार्जिंगवरून काढा, नाहीतर 50 हर्ट्झची घरगुती वीज लहरीत थरथरते.

नोंदणीला अर्धा तास का, असं विचारतात. एकाच माणसाचे दोन ठोकेही तंतोतंत सारखे नसतात, म्हणून आम्ही बसवून पाच वेळा नोंद घेतो. एका नोंदीवर केलेलं कुलूप मालकालाच बाहेर ठेवतं. नुसता हिरवा दिवा असलेला पट्टा या कामाला आम्ही देत नाही. तो नाडी मोजतो, हृदयाची वीज नाही, आणि नाडीचा वेग तर दुसऱ्या कुणाला चेहऱ्यावर कॅमेरा धरूनही काढता येतो.

कागदावरचा सुटका-कोड जपा. फाईल 256 बिटच्या वेगळ्या किल्लीने (म्हणजे लांबलचक गुप्त आकड्याने) बंद असते, ती किल्ली ठोक्याने सुटते किंवा कोडने. हृदयविकाराचा झटका येऊन गेला, पेसमेकर बसला, तर लहर बदलू शकते. मग कोडच कामाला येतो. त्याची प्रत आमच्याकडे नसते. कागद पट्ट्याच्या डब्यात ठेवू नका, पासबुकासोबत ठेवा.

उजव्या हातालाच पट्टा सोयीचा असेल तर दुसरी नोंद मोफत करून देतो, फवारणीआधी या. जुना पट्टा चालेल का तेही पाहून सांगतो. फक्त बाजाराच्या दिवशी नको, त्या गर्दीत अर्धा तास शांत बसणं होत नाही.