६४० केबीची भिंत आणि दोन 'वाढीव' मेमऱ्या

डॉसचा, म्हणजे विंडोजआधीच्या पीसीवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा, विषय निघाला की प्रोग्रॅमना ६४० केबीच मेमरी मिळायची याचं खापर डॉसच्याच डोक्यावर फुटतं. हा अन्याय आहे. डॉसआधीच्या सीपी/एम या सिस्टीमच्या ८-बिट यंत्रांची धाव मुळात ६४ केबीपर्यंतच होती. १९८१च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला मेमरीचे पत्ते देणाऱ्या २० ॲड्रेस लाइन, म्हणजे १ एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी यंत्र आखणाऱ्यांनी व्हिडिओ, कार्डं आणि बायोससाठी (यंत्र सुरू करणाऱ्या कायमच्या कोडसाठी) राखून ठेवले. खाली उरले ६४०. नकाशा हार्डवेअरचा होता. व्हिक्टर ९००० ची आखणी वेगळी, तिथे एमएस-डॉस ८९६ केबीपर्यंत रॅम वापरू शकायचं. '६४० केबी सगळ्यांना पुरेल' हे वाक्य बिल गेट्सच्या नावावर खपवलं जातं, त्यांनी ते म्हटल्याचं नाकारलंय. वाक्य मात्र फिरतंच आहे.

खरा गोंधळ नावांनी घातला. स्प्रेडशीट ६४० केबीत मावेनात, तेव्हा १९८५मध्ये तीन कंपन्यांनी मिळून 'एक्सपांडेड' मेमरीचा, म्हणजे ईएमएसचा, नियम ठरवला. रॅम वेगळ्या कार्डावर, आणि राखीव भागात ६४ केबीची खिडकी: १६ केबीची चार पानं. कार्डावरचं हवं ते पान खिडकीत आणायचं, काम झालं की बदलायचं. ८०८८ वरही चालायचं. दुसरीकडे आयबीएमच्या १९८४च्या पीसी एटीमधल्या ८०२८६ प्रोसेसरला १६ एमबीची धाव मिळाली होती. १ एमबीच्या वरची ती 'एक्स्टेंडेड'. पण तिथे थेट जायला प्रोटेक्टेड मोड, म्हणजे प्रोसेसरची नवी कार्यपद्धती, लागायचा, आणि २८६ त्यातून प्रोसेसर रीसेट केल्याशिवाय परतत नसे. डॉस तर रिअल मोडमधलं, म्हणजे जुन्या १ एमबीच्या पद्धतीतलं. मराठीत दोन्हींना 'वाढीव' म्हटलं तर फरकच पुसला जातो. लक्षात ठेवायचं ते एवढंच: एक्सपांडेड खिडकीतून दिसते, एक्स्टेंडेड माळ्यावर असते.

३८६ प्रोसेसर आल्यावर गुंता वाढला, कारण ईएमएम३८६ हा ड्रायव्हर माळ्यावरची मेमरी घेऊन खिडकीचं सोंग वठवू लागला. ते सोंग चालू नसेल तर ४ एमबी रॅम असलेल्या यंत्रावरही प्रोग्रॅम 'एक्सपांडेड मेमरी नाही' म्हणून अडून बसायचा. रॅम भरपूर असायची, फक्त चुकीच्या नावाखाली.

१९९१च्या डॉस ५ ने हे घरच्या घरी सोडवता आलं. कॉन्फिग.सिसमध्ये, म्हणजे सुरू होताना डॉस वाचतं त्या फाइलमध्ये, क्रम असा:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी

हायमेम (एक्स्टेंडेड मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर) आधी नसेल तर पुढचं काहीच उभं राहत नाही. ते ए२० लाइन (१ एमबीच्या वरची पहिली ॲड्रेस लाइन) उघडतं आणि १ एमबीच्या लगेच वरचे ६५,५२० बाइट रिअल मोडमधूनच हाताला लागतात. डॉसचा बराचसा भाग तिथे जातो. 'नोईएमएस'मुळे राखीव ३८४ केबीतल्या रिकाम्या जागांबरोबर (यूएमबी) खिडकीचे ६४ केबीही ड्रायव्हरांना मिळतात, पण ईएमएस मागणारा प्रोग्रॅम चालत नाही. दोन्ही हवं असेल तर तिथे 'रॅम' लिहायचं. काहीच लिहिलं नाही तर ईएमएस मिळतं, पण वरच्या जागा (यूएमबी) मिळत नाहीत. 'डॉस=यूएमबी' लिहूनही माउसचा ड्रायव्हर खालीच का बसतो, याचं नेहमीचं कारण हेच.

दुसरं कारण जास्त फसवं. काही ड्रायव्हर चढताना जास्त जागा मागतात आणि बसल्यावर आकसतात. चढण्यापुरता मोकळा तुकडा वर सापडला नाही, तर 'लोडहाय' (वर चढवणारी आज्ञा) एक शब्द न बोलता त्यांना खाली बसवतं. म्हणून 'मेम /सी' या आज्ञेचा तक्ता पाहायचा आणि मोठे ड्रायव्हर आधी चढवायचे. एकूण मोकळ्या आकड्याला भुलू नये. चालू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या प्रोग्रॅमचा आकडा पाहावा. नेटवर्क कार्ड वापरायला गेलं की यंत्र गोठत असेल, तर ईएमएम३८६ ने बहुधा कार्डाचीच जागा बळकावलेली असते. कार्डाची मेमरी डी००० या पत्त्यापासून १६ केबी असेल, तर त्याच ओळीत 'एक्स=डी०००-डी३एफएफ' लिहून ती वगळायची.

१९९३च्या डॉस ६ मध्ये मेममेकर आलं आणि ही जुळवाजुळव तेच करू लागलं, बरेचदा हाताने केलेल्यापेक्षा थोडं वाईट. त्याच सुमारास खेळांनी आपापले डॉस एक्स्टेंडर (डॉसवरूनच प्रोटेक्टेड मोड वापरू देणारे प्रोग्रॅम) बरोबर आणून थेट माळ्यावरच मुक्काम ठोकला. विंडोज ९५मध्ये हायमेम आपोआप चढू लागलं. ईएमएम३८६ ची ओळ मात्र ईएमएसवाल्या जुन्या खेळांसाठी हातानेच लिहावी लागे.