रुग्णालयातील नाताळ (पुणे)

नाताळच्या दिवसांत घरी जाऊ न शकलेले रुग्ण, त्यांच्या उशाशी थांबलेले नातेवाईक आणि सुटी असूनही कामावर असलेले कर्मचारी यांना सोबत, गायन, प्रार्थना, खाऊ आणि प्रत्यक्ष मदत देण्याची प्रथा. तिचे धार्मिक मूळ मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. आजाऱ्याच्या समाचाराला जाणे ही प्रत्यक्ष ख्रिस्ताचीच सेवा होय, असे तेथे सांगितले आहे. ब्रिटनमधील रुग्णालयांत या प्रथेला ठरावीक रूप आले. तेथील परिचारिका लाल अस्तर असलेले आपले गडद निळे झगे उलटे पांघरून, हाती कंदील घेऊन, वॉर्डावॉर्डांतून नाताळची गीते गात फिरत असत.

पुण्यात लष्कर भाग, नाना पेठ, गुरुवार पेठेतील पंचहौद आणि खडकी येथे जुन्या ख्रिस्ती वस्त्या आहेत आणि शहरातील मोठी रुग्णालये त्यांच्यापासून फार लांब नाहीत. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले ससून सर्वोपचार रुग्णालय १८६७ पासून रुग्णसेवेत आहे. तेथे सातारा, सोलापूर, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात आणि त्यांतले बहुतेक ख्रिस्ती नसतात. त्यामुळे येथे नाताळची भेट ही धर्मोपदेशाची संधी मानता येत नाही. रुग्णाने स्वतः मागितली तरच प्रार्थना करावी, हा संकेत पाळला गेला तरच भेटीचा हेतू निर्मळ राहतो. ख्रिस्ती रुग्णाला मात्र मध्यरात्रीच्या उपासनेला मुकल्याची हुरहुर असते. फादर किंवा पाळक त्याच्या खाटेपाशी येऊन पवित्र प्रसाद देतात, तेव्हा ती काही अंशी भरून निघते.

वॉर्डात गाण्याला मर्यादा आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, अशा क्षेत्रात रात्रीची कमाल ध्वनिपातळी ४० डेसिबल ठरलेली आहे आणि सणासुदीला रात्री बारापर्यंत ध्वनिक्षेपकाला मिळणारी सवलत या क्षेत्राला लागू होत नाही. म्हणून सायंकाळच्या भेटीच्या वेळेत, मोजक्या गायकांनी, वाद्यांवाचून किंवा एखाद्या गिटारच्या साथीने हळू आवाजात गाणे हाच योग्य मार्ग आहे. ऑक्सिजनच्या सान्निध्यात मेणबत्ती घातक असते. अतिदक्षता व भाजलेल्या रुग्णांच्या विभागांत ताजी फुले नेता येत नाहीत. केक आणि करंज्या-शंकरपाळ्यांचा नाताळचा फराळ प्रेमाने आणलेला असला, तरी मधुमेही किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला तो वर्ज्य असू शकतो. इतकेच काय, मूत्रपिंडाच्या रुग्णाला केळी आणि संत्रीही जपूनच द्यावी लागतात. पथ्याविषयी आधी परिसेविकेला (वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेला) विचारून घेतले, तर खाऊ उशाशी पडून राहत नाही. रुग्णाच्या हाती फळ ठेवून छायाचित्र काढण्याची सार्वजनिक फळवाटपातली सवय येथेही शिरली आहे. ती सोडून दिली पाहिजे, कारण आजारी माणसाची संमती अशा वेळी बहुधा गृहीत धरली जाते.

कर्मचाऱ्यांना होणारी सर्वांत मोलाची मदत बाहेरच्यांना दिसत नाही. २५ डिसेंबरच्या सार्वजनिक सुटीला शासकीय रुग्णालयांचा बाह्यरुग्ण विभाग बंद असला, तरी अपघात विभाग, प्रसूतिगृह आणि आंतररुग्ण कक्ष चालूच असतात. महाराष्ट्रातील परिचारिकांमध्ये मराठी ख्रिस्ती आणि केरळी ख्रिस्ती कुटुंबांतून आलेल्या अनेक जणी आहेत. चोवीस तारखेची रात्रपाळी लागली की त्यांची मध्यरात्रीची उपासना आणि लेकरांसोबतची नाताळची सकाळ दोन्ही हुकतात. अशा वेळी एखादी हिंदू, मुस्लिम किंवा बौद्ध सिस्टर ड्युटी बदलून घेते, आणि दिवाळीत किंवा ईदला ख्रिस्ती सिस्टर तिच्या जागी उभी राहते. कोणत्याही भेटवस्तूपेक्षा हा परस्परांचा रिवाज थोर आहे. मात्र कक्षात माणसेच कमी असतील तर तो चालत नाही; म्हणून सणाचे वेळापत्रक सर्वांशी बोलून आणि वेळेवर लावणे ही प्रशासनाचीच जबाबदारी ठरते. आभाराचे कार्ड आणि गरम चहा देताना वॉर्डातले मामा-मावशी, सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि रुग्णवाहिकेचे चालक हमखास विसरले जातात, त्यांची आठवण आधी ठेवावी.

डिसेंबरात पुण्यातील किमान तापमान अनेकदा १० ते १२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. बाहेरगावचे नातेवाईक रुग्णालयाच्या आवारात किंवा व्हरांड्यात रात्र काढतात आणि त्यांना केकपेक्षा ब्लँकेट व जेवणाचा डबा अधिक उपयोगी पडतो. औषधोपचाराच्या खर्चाची अडचण असेल, तर शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटून मदत देणे श्रेयस्कर, कारण खरी गरज कोणाची आहे हे त्यांना ठाऊक असते.

रक्तदानही याच सेवेत मोडते. प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात. त्यामुळे सुट्यांत शिबिरे कमी झाली की त्यांचा तुटवडा लवकर जाणवतो. वय १८ ते ६५ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि प्रकृती निरोगी असलेली व्यक्ती रक्त देऊ शकते. दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवायचे असते.

खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात मज्जारज्जूला इजा झालेले जवान वर्षानुवर्षे राहतात. अशा दीर्घ मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्यांनी एकाच दिवशी गर्दी करण्याचे कारण नाही. नाताळचा काळ परंपरेने ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (पूर्वेकडील ज्ञानी बाळ येशूच्या दर्शनाला आले, त्याच्या स्मरणाचा दिवस) चालतो आणि भेटी तोवर विभागून देता येतात.