सरकती श्रेयनामावली (विद्यार्थी व्हिडिओ)

व्हिडिओच्या शेवटी तो घडवणाऱ्यांची नावे आणि ऋणनिर्देश हलत्या अक्षरांत दाखवणारा मजकूर. बोलण्यात याला ‘एंड क्रेडिट्स’ किंवा नुसते ‘टायटल्स’ म्हणतात. मजकूर खालून वर सरकला तर रोल, आडवा धावला तर क्रॉल. फिल्मच्या काळात लांब काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नावे लिहीत आणि पट्टी गोल दंडासारख्या रुळावर फिरवून कॅमेऱ्याने टिपत. आता हेच काम संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते: डाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘स्क्रोल’ नावाचे तयार टायटल मिळते, तर प्रीमियर प्रोमध्ये मजकुराला ‘रोल’ लावता येतो.

विद्यार्थ्यांच्या कामात सर्वाधिक बिघडतो तो वेग. रोलचा वेग क्लिपच्या लांबीवर ठरतो, आणि ही लांबी बहुधा गाणे संपते तिथे कापली जाते. समजा, १०८० पिक्सेल उंचीच्या चौकटीत प्रत्येकी ७० पिक्सेलच्या २० ओळी आहेत. पहिली ओळ खालून आत येऊन शेवटची वर बाहेर जाईपर्यंत मजकूर २४८० पिक्सेल सरकतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि दर फ्रेमला ४ पिक्सेल धरले, तर ६२० फ्रेम, म्हणजे २४.८ सेकंद लागतात आणि प्रत्येक ओळ साडेअकरा सेकंद पडद्यावर राहते. हाच रोल १० सेकंदांत कोंबला, तर ओळ पावणेपाच सेकंदांच्या आत निघून जाते. शिवाय दर फ्रेमला ९.९२ असे अपूर्णांकातले अंतर पडल्याने अक्षरांच्या कडा थरथरतात. म्हणून आधी वेग ठरवावा, त्यावरून लांबी काढावी आणि संगीत त्या लांबीला बसवावे. पाच-सात जणांच्या गटाला रोलची मुळात गरजच नसते. दोन-तीन स्थिर पाट्या हळूच उमटून विरल्या, तर नावे जास्त नीट वाचली जातात.

देवनागरीचे प्रश्न वेगळे आहेत आणि इंग्रजीसाठी बनवलेले तयार इफेक्ट ते सोडवत नाहीत. टंकयंत्रासारखे एकेक चिन्ह उमटवणारा इफेक्ट ‘सहकार्य’ या शब्दाला लावला, तर आधी ‘सहकार’ दिसते, मग ‘सहकार्’ असा पाय मोडलेला र येतो आणि ‘य’ उमटताच तो र उडी मारून रफार होतो. ‘दिग्दर्शन’मध्ये असा घोळ दोनदा होतो. त्यामुळे मराठीत हालचाल शब्दाला किंवा अख्ख्या ओळीला द्यावी. अक्षरांमधले अंतर वाढवत नेणारा इफेक्टही टाळावा, कारण त्यात शिरोरेषा तुटते. वेलांट्या आणि उकार वरच्या-खालच्या ओळींना भिडू नयेत म्हणून ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते.

जोडाक्षरे सुटी दिसली किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर दोष लेखनाचा नसून सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा असतो. प्रीमियर प्रोमध्ये त्यासाठी ग्राफिक्सच्या प्राधान्यांत दक्षिण आशियाई टेक्स्ट इंजिन निवडावे लागते. श्री-लिपी किंवा कृतिदेव या फाँटांच्या जुन्या पद्धतीत टाइप केलेली यादी युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी चालणाऱ्या अक्षर-संकेतांत) बदलल्याशिवाय चिकटवू नये. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे मोफत युनिकोड फाँट या कामाला चांगले आहेत. मात्र त्यांची फार बारीक वजने (अक्षररेषांच्या जाडीचे प्रकार) वर्गातल्या प्रोजेक्टरवर पुसट होतात. काही पडद्यांवर चित्राच्या कडा कापल्या जातात, त्यामुळे चारही बाजूंना ५ ते १० टक्के जागा मोकळी ठेवतात.

क्रम साधारणपणे लेखन-दिग्दर्शन, कलाकार, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, संगीत आणि शेवटी ऋणनिर्देश असा असतो. नाव कसे लिहायचे हे त्या-त्या व्यक्तीलाच विचारावे. हजेरीपटातले नाव आणि तिला हवे असलेले नाव एकच असेल असे नाही. श्रेय हा शिष्टाचार आहेच, पण त्याला कायद्याचाही आधार आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ चे कलम ५७ कर्त्याला आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा हक्क देते आणि २०१२ च्या दुरुस्तीने कलाकारांनाही तसा हक्क मिळाला. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या वापराच्या परवान्याचे, श्रेय देण्याची अट असलेले संगीत वापरले असेल, तर रचनेचे नाव, रचनाकार, मूळ दुवा आणि परवान्याचा प्रकार या चारही गोष्टी द्याव्यात, आणि ती ओळ वाचता येईल इतका वेळ पडद्यावर ठेवावी.