बंदूक गाडीतून नेणं आणि गाडीत ठेवणं

मामांकडे आजोबांची बाराबोअर दुनळी आहे. वारसाहक्कानं परवाना त्यांच्या नावावर झाला, नूतनीकरणही वेळच्या वेळी होतं. एरवी ती कोथरूडच्या घरी लोखंडी कपाटात असते. सासवडच्या मळ्यावर रानडुकरांचा उपद्रव वाढला की हुसकावायला म्हणून गाडीतून जाते. मागच्या हिवाळ्यात अशाच एका खेपेला आम्ही हडपसरच्या पुढे मिसळ खायला थांबलो. गाडी रस्त्याकडेला, बंदूक डिक्कीत, डिक्कीची किल्ली माझ्या खिशात आणि मामा आत टेबल पकडायला गेलेले. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "परवाना आहे ना माझ्याकडे? मग झालं तर!"

झालं नव्हतं. मिसळीच्या दारापर्यंत मामा बंदूक नेत होते, दारातून आत गेल्यावर ती त्यांनी ठेवली होती. गाडी तीच, डिक्की तीच. पण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ चा परवाना माणसाच्या नावावर असतो, एमएच १२ च्या पाटीवर नाही.

आधी नेण्याचं पाहू, कारण ते सोपं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, लांब बंदूक तिच्यासाठी बनवलेल्या कव्हरमध्ये. दोन्ही पूर्ण झाकलेली आणि नेणाऱ्याच्या प्रभावी ताब्यात. हे 'ताब्यात' लक्षात ठेवा, पुढे सगळं तिथंच अडतं.

मामांची निघायची तयारी बघण्यासारखी असते. पलंगावर जुना टॉवेल पसरतात, अंगठ्यानं वरचा खटका सारून दुनळी मोडतात, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडतात, आणि नळ्यांतून खिडकीकडे बघतात. दोन्हींतून आरपार उजेड दिसला म्हणजे आत काडतूस नाही. मग ती मिटवून नळीखालचं लाकूड काढतात, पुन्हा मोडली की नळ्या अलगद हातात येतात. तीन तुकडे, तीन फडक्यांत, एका कॅनव्हासच्या पिशवीत. काडतुसं वेगळ्या डब्यात. ती शक्तिमानची, म्हणजे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, आणि मोजून. काडतुसं किती बाळगायची हेही परवान्यावरच लिहिलेलं असतं, 'दोन-चार जास्त असू देत' हा मळ्यावरचा हिशेब तिथं चालत नाही.

मूळ परवाना जवळ हवा. नाकाबंदीत पोलिसांनी मागितला तर कलम १९ प्रमाणे दाखवावा लागतो. तो कोणत्या हद्दीत चालतो तेही वाचून ठेवावं. पुण्यात परवाना शहर पोलिस आयुक्तांचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा, आणि २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं. पण महत्त्वाचं कुणी दिला ते नाही, क्षेत्राच्या रकान्यात काय आहे ते. तिथं 'महाराष्ट्र' असेल तर आंबोली घाट उतरून गोव्यात शिरल्यावर त्या कागदाचा उपयोग नाही. आणि जत्रा, धार्मिक मिरवणूक, शाळा-कॉलेजचं आवार इथं हत्यार न्यायला परवान्याच्या अटींतच मनाई आहे. म्हणून पालखी दिवे घाटात असेल त्या दिवशी मामा मळ्याचं नावही काढत नाहीत.

(बालेवाडीला नेमबाजीच्या सरावाला जाणाऱ्या पोरांनी घाबरू नये. ०.१७७ बोअरच्या, २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवानाच लागत नाही. कव्हर मात्र घाला, बसमधल्या लोकांना ज्यूल दिसत नाहीत.)

आता ठेवणं. गाडीत हत्यार आहे आणि परवानाधारक तिथं नाही, तर ते कुणाच्या ताब्यात? सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सांगितलंय की ताबा म्हणजे हातातच धरलेलं असणं नव्हे. वस्तू आहे हे माहीत असणं आणि तिच्यावर हुकमत असणं, हेही ताब्यातच येतं. हॉटेलच्या पोऱ्याला गाडी लावायला किल्ली दिली आणि डिक्कीत काय आहे हे त्याला ठाऊकच नसलं, तर त्याच्यापुरता बचाव आहे. मला तर पक्कं ठाऊक होतं, किल्लीही माझ्याकडेच होती. आणि परवान्याविना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षं कैद आणि वर दंड अशी आहे.

कायद्यानं एक खिडकी ठेवलीय. परवानाधारक हजर असेल, किंवा त्यानं लेखी अधिकार दिला असेल, तर दुसऱ्याला त्याचं हत्यार नेता येतं; पण तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठीच. म्हणजे मामा शेजारी बसलेले असताना मी गाडी चालवली तर काहीच बिघडत नाही. "तू हो पुढे गाडी घेऊन, मी संध्याकाळच्या एसटीनं येतो" असं तोंडी म्हणाले तर बिघडतं. सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीत पिशवी विसरली, तर त्याला कुठलीच सबब नाही.

शिवाय डिक्की म्हणजे तिजोरी नव्हे. मागची काच फोडून लॅपटॉपची बॅग पळवल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. चोराला लॅपटॉपऐवजी दुनळी मिळाली तर? हत्यार किंवा काडतुसं चोरीला गेली तर ताबडतोब जवळच्या पोलिस ठाण्यात कळवणं ही परवान्याची अट आहे, आणि अट मोडली तर कलम ३० आहेच: ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा २ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना मागताना सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्रही आपणच लिहून दिलेलं असतं, त्यामुळे 'गाडीत होती, लॉक केली होती' हे सांगताना जीभ अडखळणारच. कायदा बाजूला ठेवला तरी एप्रिलमधली तापलेली गाडी आणि जुलैतली ओल, दोन्ही काडतुसांच्या मुळावर येतात.

मधली जागा उरते. पेट्रोल पंपावर मामा पाच मिनिटं उतरले, गाडी नजरेसमोर, कुलूप लावलेलं, किल्ली त्यांच्याच खिशात. याला मी नेणंच म्हणेन. पण पाचाची पंधरा झाली आणि गाडी नजरेआड गेली, की मी हे म्हणणार नाही, आणि ठाण्यातला अंमलदार तर नाहीच नाही.

त्यामुळे आता हडपसरच्या पुढे थांबलो की मी आत जातो आणि मामा गाडीतच बसतात, पिशवी पायाशी घेऊन. त्यांची प्लेट खिडकीतून आत जाते. तर्री सीट कव्हरवर सांडते, आणि त्यावरून जे काय बोलायचं ते मला सासवड येईपर्यंत ऐकावं लागतं.