प्रतिपिंडे आणि देहद्रवी प्रतिरक्षा

रक्त, लसीका (पेशींभोवतून वाहणारा पातळ द्रव), लाळ, दूध, श्वासमार्गातील चिकट स्राव अशा द्रवांमधील प्रथिने जंतूंपासून व त्यांच्या विषांपासून शरीराचे जे रक्षण करतात, त्याला देहद्रवी प्रतिरक्षा म्हणतात. या कामातील मुख्य प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे, रोजच्या बोलण्यातल्या ॲंटिबॉडी. पेशीत शिरून बसलेल्या विषाणूपर्यंत ती सहसा पोचत नाहीत. तिथे टी पेशी, म्हणजे बाधित पेशींनाच मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, लागतात.

प्रतिपिंडे बी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून तयार होतात. प्रत्येक बी पेशीवर एकाच घडणीचा ग्राहक (जंतूला ओळखून पकडणारे प्रथिन, रिसेप्टर) असतो आणि जंतू शरीरात येण्याआधीच त्याची घडण ठरलेली असते. अस्थिमज्जेत जनुकांचे तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जुळून असे असंख्य ग्राहक घडतात. १९७६ साली हे दाखवून देणाऱ्या सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल मिळाले. ज्या मोजक्या पेशींचा ग्राहक आलेल्या जंतूशी जुळतो, त्याच वाढतात. लसीका ग्रंथींत त्यांच्या जनुकांत आणखी बारीक बदल होतात आणि अधिक घट्ट चिकटणाऱ्या पेशी टिकतात. गळ्याजवळच्या गाठी आजारात सुजतात, त्यामागे ही धामधूम असते. काही पेशी प्रतिपिंडे स्रवू लागतात, तर काही स्मृतिपेशी होऊन त्याच जंतूच्या पुढच्या भेटीसाठी राहतात.

प्रतिपिंड विषाणूला किंवा विषाला चिकटून त्याचा पेशीत शिरण्याचा मार्ग अडवते, जंतूवर खूण करून भक्षक पेशींना बोलावते, किंवा पूरक प्रथिनांकरवी जंतूचे आवरण फोडते. प्रतिपिंडांचे काही प्रकार आहेत: आयजीएम आधी येते, आयजीजी मागाहून येऊन दीर्घकाळ राहते. आयजीए आतड्यात, श्वासमार्गात आणि आईच्या चिकात भरपूर असते. म्हणूनच तो चीक पिळून टाकू नये.

आयती प्रतिपिंडे देऊनही रक्षण करता येते. धनुर्वात आणि घटसर्प यांच्या बाबतीत हे बेरिंग व कितासातो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये सिद्ध केले. पुण्यात हडपसरला १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातही घोड्यांच्या रक्तातून मिळवलेल्या धनुर्वातविरोधी सीरमपासून (प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रवापासून) झाली. अशी उसनी प्रतिपिंडे काही आठवड्यांत ओसरतात, शिवाय मज्जातंतूत शिरलेले विष त्यांना निकामी करता येत नाही. त्यामुळे मोठी, मळकी जखम झाली आणि आधीचे लसीकरण अपुरे असेल, तर लस व आयती प्रतिपिंडे दोन्ही दिली जातात. गरोदर बाईने घेतलेल्या धनुर्वाताच्या लसीचा लाभ बाळालाही होतो, कारण तिचे आयजीजी वारेतून त्याच्याकडे जाते. भारतातून माता व नवजात अर्भकांचा धनुर्वात २०१५ मध्ये निर्मूलनाच्या पातळीला आला, त्यात या लसीचा वाटा फार मोलाचा आहे.

प्रतिपिंडे ही होऊन गेलेल्या संसर्गाची नोंदही असते. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यातील पाच प्रभागांत १,६६४ जणांचे रक्त तपासले, तेव्हा ५१.५ टक्के लोकांत कोरोनाविरोधी प्रतिपिंडे आढळली. यातल्या बहुतेकांची कोरोना चाचणी कधी झालीही नसेल. लोहियानगर-कासेवाडीसारख्या दाट वस्तीत हे प्रमाण सर्वाधिक होते. मात्र प्रतिपिंडे सापडली म्हणजे पुन्हा लागण होणारच नाही, असा त्याचा अर्थ नव्हता.

पावसाळ्यात पुण्यातल्या घराघरांत येणारा डेंग्यूचा रिपोर्टही असाच वाचावा लागतो. तापाच्या पहिल्या दिवसांत एनएस१ हे विषाणूचे प्रथिन सापडते. आयजीएम साधारण पाचव्या दिवसापासून दिसते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा ‘आयजीएम निगेटिव्ह’ डेंग्यू नसल्याचा पुरावा ठरत नाही. सरकारी प्रयोगशाळांना या चाचणीचे संच पुण्याचीच राष्ट्रीय विषाणू संस्था पुरवते. नुसते आयजीजी मात्र जुन्या लागणीचेही असू शकते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला अपुरी चिकटली, तर त्याला अडवण्याऐवजी भक्षक पेशींत शिरायला मदत करतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू गंभीर होण्याचा धोका अधिक असतो. ज्यांना तो पूर्वी होऊन गेला आहे, त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे आणि ताप उतरत असतानाच्या एक-दोन दिवसांत पोटदुखी, उलट्या किंवा रक्तस्राव दिसल्यास लगेच रुग्णालय गाठावे.