ऑस्ट्रेलियाचा अणुपाणबुडी प्रकल्प: नोकरीचा अर्ज नेमका कुठे अडतो?

ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातला ऑकस हा संरक्षण करार २०२१ मध्ये जाहीर झाला आणि मार्च २०२३ मध्ये त्याचा आराखडा ठरला. २०३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेकडून तीन व्हर्जिनिया श्रेणीच्या अणुपाणबुड्या घ्यायच्या आणि त्यानंतरच्या पाणबुड्या अ‍ॅडलेडच्या ऑस्बोर्न गोदीत बांधायच्या. इंजिनिअर, वेल्डर, प्रकल्प नियोजक अशी शेकडो प्रकारची कामं त्यातून निघत आहेत. ऑस्ट्रेलियातले मराठी उमेदवार कौशल्यात कमी पडत नाहीत, अडतात ते कागदांत.

पहिली अट नागरिकत्वाची. यातल्या बहुतेक पदांना सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे पार्श्वभूमी तपासून दिलेली सरकारी सुरक्षा मंजुरी लागते, आणि पीआरवर, म्हणजे नुसत्या कायम वास्तव्याच्या परवान्यावर, ती मिळत नाही. सूट अगदी अपवादानेच मिळते. नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं की अनेकजण स्वतःला नागरिक समजून फॉर्म भरतात. तसं नाही. समारंभात शपथ घेतली त्या दिवसापासून तुम्ही नागरिक. शिवाय नागरिकत्वासाठी अर्ज करण्याआधीच्या वर्षभरात ९० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलात, तर तोच अर्ज अडतो. घरच्या लग्नासाठी लांब सुट्टी घेण्याआधी दिवस मोजा.

नौदलभरतीबद्दलही गैरसमज आहे. २०२४ पासून आधी न्यूझीलंडच्या आणि मग ब्रिटन, अमेरिका, कॅनडाच्या पीआरधारकांना भरती खुली झाली. भारतीय पासपोर्टवरच्या पीआरधारकांना ती सवलत नाही.

क्लिअरन्ससाठी स्वतः अर्ज करता येत नाही, नोकरी देणारी संस्थाच तुमचं नाव पुढे करते. ‘आधी क्लिअरन्स काढून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका.

खरा घोळ पुढे आहे. क्लिअरन्सच्या बेसलाइन या सर्वांत खालच्या पातळीला मागच्या पाच वर्षांची आणि त्यावरच्या एनव्ही-१ पातळीला दहा वर्षांची पार्श्वभूमी तपासता यावी लागते. हिंजवडीजवळ भाड्याच्या खोलीत काढलेली दोन वर्षं, मध्ये बदललेला पेइंग गेस्टचा पत्ता, बंद पडलेली कंपनी, हे सगळं तारखांसह आणि मध्ये खंड न ठेवता लिहायचं. त्या काळात तुम्हाला ओळखणारी, फोन उचलणारी माणसंही हवीत. जुने भाडेकरार, पगाराच्या स्लिपा आणि अनुभवपत्रं आजच शोधायला लागा.

नावांचं तर विचारूच नका. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, पदवीवर आडनाव आधी, महापालिकेच्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही! लग्नानंतर पहिलं नावही बदललेल्या बायकांची कसोटी लागते. माहेरचं आणि सासरचं, वापरलेलं प्रत्येक नाव फॉर्ममध्ये द्यायचं असतं आणि त्याला जोडणारा विवाहदाखला किंवा राजपत्र हाताशी लागतं. जन्मदाखल्यात नाव घालून घ्यायचं काम भारतातूनच करावं लागतं. तिथले हेलपाटे आणि इथली मुदत यांचा मेळ कुणी घालून देत नाही, हा उमेदवारांवर अन्यायच आहे.

ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते), भारतातली मालमत्ता, तिथले जवळचे नातेवाईक यांतलं काहीही लपवू नका. नुसतं ओसीआय असल्याने कुणी बाद होत नाही, लपवल्याचं उघड झालं तर मात्र विश्वास जातो.

निकालाला महिने लागू शकतात. तोवर हातातली नोकरी सोडू नका.