बोस्टनचा कॅचरसाठीचा हिवाळी शोध : पार्श्वभूमी

२०२५ चा मोसम संपला तेव्हा बोस्टनच्या बेसबॉल संघापुढे कॅचरच्या, म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू बॅटरच्या मागे बसून झेलणाऱ्या खेळाडूच्या, जागेचा प्रश्न वरवर पाहता किरकोळ होता. पहिल्या पसंतीच्या कॅचरने ११८ सामन्यांत १५ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले होते आणि बचावात लीगमधल्या उत्तम कॅचरांमध्ये स्थान मिळवले होते. मात्र मोसम आटोपताच त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. दुसऱ्या कॅचरला एप्रिलमध्येच बॅटरच्या बॅटचा फटका बसून डाव्या करंगळीचे हाड मोडले होते. तो परतला खरा, पण सबंध मोसमात त्याला एकही होमरन मारता आला नाही आणि त्याची बॅटिंगची सरासरी (संधींच्या तुलनेत यशस्वी फटक्यांचे प्रमाण) .१९० पर्यंत घसरली. याहून गंभीर बाब अशी की या दोघांच्या पाठीशी, वूस्टरच्या कनिष्ठ संघात, ज्याच्या भरवशावर दुसऱ्या कॅचरला निरोप देता आला असता असा कोणीही तयार नव्हता. वर्षभरापूर्वी असा एक खेळाडू होता. तो का उरला नाही हे कळल्याशिवाय २०२५-२६ च्या या हिवाळ्यातल्या हालचालींचा अर्थ लागत नाही.

हिवाळ्यात प्रत्येक संघ अनोळखी नावांचे तीन-चार कॅचर कनिष्ठ करारावर घेतो, त्याला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. फेब्रुवारीत फ्लोरिडातील सराव शिबिरात पिचर आणि कॅचर इतरांच्या आधी दाखल होतात, रोज डझनावारी पिचरांचे चेंडू झेलायला माणसे लागतात, आणि त्यांतले बहुतेक एप्रिलपर्यंत विस्मृतीत जातात. खरा शोध मुख्य संघातल्या दोन जागांचा आणि त्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या तिसऱ्याचा असतो.

बोस्टनला या बाबतीत जुनी सल आहे. १९६७ मध्ये ड्राफ्टमधून (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून) घेतलेला, १९७२ मध्ये लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरलेला आणि १९७५ च्या वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेतील सहावा सामना बाराव्या इनिंगमध्ये होमरन मारून जिंकून देणारा कॅचर बोस्टनने केवळ कारकुनी हलगर्जीपणामुळे गमावला. डिसेंबर १९८० मध्ये त्याच्या कराराची कागदपत्रे मुदत उलटून गेल्यावर टपालात पडली, तो मोकळा झाला आणि शिकागोला गेला. तिथे त्याने २७ ऐवजी ७२ हा क्रमांक पाठीवर घेतला आणि १९९३ पर्यंत खेळून तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. त्याची जागा घेतली ती ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेल्या, वूस्टरच्याच एका स्थानिक मुलाने, आणि १९८५ व १९८६ मध्ये तो ऑल-स्टार संघातही गेला.

पुढे १९९७ च्या जुलैअखेरीस बोस्टनने एक मदतनीस पिचर सिॲटलला देऊन त्याच्या बदल्यात दोन तरुण खेळाडू घेतले. त्यांतला एक कॅचर होता. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये तो चौदावा निवडला गेला होता आणि सिॲटलला त्याचे काय करावे हे सुचत नव्हते. २००४ आणि २००७ ची दोन्ही विजेतेपदे त्याच्या हाताखालच्या पिचरांनी मिळवली, चार नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही यशस्वी फटका न मारता आलेले सामने) त्याने झेलले, आणि २००४ च्या अखेरीस संघाने त्याला अधिकृतपणे कर्णधार केले. मेजर लीगमध्ये कर्णधारपद हा क्रिकेटसारखा रिवाज नाही, त्यामुळे या मानाचे वजन अधिक. २०२५ मध्ये तो त्याच संघात कॅचरांना तयार करण्याच्या आणि सामन्यांची आखणी करण्याच्या कामात होता.

या इतिहासातून एक गोष्ट निघते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तीच निर्णायक आहे. ज्या कॅचरांचा बोस्टनने सर्वाधिक गाजावाजा केला ते अलीकडच्या काळात बोस्टनच्या कामी आले नाहीत; कामी आले ते व्यवहारात जोडीला मिळालेले किंवा ड्राफ्टच्या नंतरच्या फेऱ्यांत निवडलेले.

याचे ठळक उदाहरण २०१५ च्या आसपासचे आहे. २०११ च्या पहिल्या फेरीत सव्विसाव्या क्रमांकावर न्यू मेक्सिकोतील एका शाळकरी मुलाची निवड झाली होती. दोन्ही हातांनी बॅटिंग करणारा, चपळ, अंगाने सडसडीत असा हा कॅचर तीन वर्षांत देशातल्या सर्वोच्च होतकरू खेळाडूंच्या याद्यांमध्ये जाऊन बसला. २०१४-१५ च्या हिवाळ्यात फिलाडेल्फियाचा एक नामांकित डावखुरा पिचर बाजारात होता आणि त्याच्या बदल्यात फिलाडेल्फियाला हाच कॅचर हवा आहे, अशा बातम्या आठवड्याआड येत होत्या. बोस्टनने नकार दिला, आणि बहुतेक चाहत्यांनी त्या नकाराचे स्वागत केले. तो पिचर जुलै २०१५ मध्ये टेक्सासला गेला.

पुढचे प्रकरण कोणाच्याच मनासारखे झाले नाही. एप्रिल २०१५ मध्ये, २००८ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या फेरीत घेतलेल्या पोर्तो रिकोच्या कॅचरच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. मेच्या प्रारंभी अनुभवी कॅचरच्या हाताचे हाड मोडले. आणि अजून वर्षभर कनिष्ठ संघात घडवायचा असलेला तो तरुण एकाएकी मुख्य संघात आला. त्याने ८४ सामन्यांत .२७४ अशी सरासरी राखली, म्हणजे बॅटने निराशा केली नाही. परंतु एप्रिल २०१६ मध्ये जेमतेम काही सामन्यांनंतर, तो झेलण्यात कच्चा आहे असे ठरवून त्याला परत पाठवण्यात आले. मग त्याला लेफ्ट फील्ड शिकवण्याचा घाट घातला गेला, आणि जूनमध्ये तिथे चेंडूमागे धावताना भिंतीपाशी त्याचा घोटा असा दुखावला की शस्त्रक्रियेवाचून इलाज उरला नाही. एप्रिल २०१९ मध्ये त्याला ॲरिझोनाला देऊन टाकण्यात आले. ज्याच्यासाठी एक अव्वल पिचर नाकारला होता, त्याचा हा शेवट संघाच्या कार्यालयात कोणी विसरले असेल असे वाटत नाही.

त्याच काळात नवव्या फेरीचा पोर्तो रिकोचा कॅचर निमूटपणे स्थिरावला. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजमधील शेवटचा स्ट्राइक (बॅटरच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू) त्याने झेलला, २०१९ मध्ये २३ होमरन मारले. १ ऑगस्ट २०२२ रोजी बोस्टनचा संघ ह्यूस्टनच्या मैदानावर सामन्यापूर्वीचा सराव करत असतानाच त्याला ह्यूस्टनला दिल्याचे जाहीर झाले, आणि त्याला सामानासकट मैदान ओलांडून पलीकडच्या ड्रेसिंग रूममध्ये जावे लागले. त्या बदल्यात आलेल्या दोघांपैकी एक आज राइट फील्डमध्ये दोन वेळा उत्तम बचावाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवून बसला आहे, तेव्हा व्यवहार म्हणून तो तोट्याचा म्हणता येत नाही. कॅचरची जागा मात्र तेव्हापासून तात्पुरत्या माणसांवर चालली. त्याच दिवशी शिकागोहून एक कॅचर आणला गेला. २०२० च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसशी झालेल्या मोठ्या आणि अद्याप जखम न भरलेल्या व्यवहारात जोडीला आलेला दुसरा कॅचर हळूहळू वर आला. आणि २०२४ च्या जुलैत टोरोंटोहून तिसरा घेतला गेला. हा तिसरा एका विलक्षण नोंदीसाठी लक्षात राहील : जूनमध्ये पावसाने थांबलेल्या सामन्यात तो टोरोंटोकडून बॅटिंग करत होता, आणि २६ ऑगस्टला तो सामना तिथूनच पुढे सुरू झाला तेव्हा तो बोस्टनचा कॅचर म्हणून प्लेटच्या मागे बसला होता. मेजर लीगच्या इतिहासात एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला तो पहिलाच.

आता वादग्रस्त निर्णयाकडे येऊ. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये बोस्टनने चौदाव्या क्रमांकावर व्हर्जिनिया विद्यापीठाचा कॅचर निवडला. निवडीचा क्रमांक १९९४ च्या त्या सिॲटलच्या कॅचरचाच होता, हे जाणकारांनी लगेच हेरले. डाव्या हाताने बॅटिंग करणारा, कॉलेजात घडलेला आणि त्यामुळे लवकर वर येणारा हा मुलगा ऑगस्ट २०२४ मध्ये वूस्टरला पोहोचला. त्याच्यासोबत त्याच दिवशी बोस्टनचे आणखी दोन सर्वोत्तम होतकरू खेळाडूही बढतीवर आले. २०२५ च्या मध्यापर्यंत तो बोस्टनच्या प्लेटमागे दिसेल, असे सारेच गृहीत धरून होते.

११ डिसेंबर २०२४ रोजी तो शिकागोला गेला. त्याच्यासोबत २०२४ च्या ड्राफ्टमधील बारावा, अद्याप एकही व्यावसायिक सामना न खेळलेला आउटफिल्डर, एक इनफिल्डर आणि एक उजव्या हाताचा पिचर असे तिघे गेले, आणि बदल्यात आला एकटा डावखुरा पिचर. ज्या शिकागोने २०२४ मध्ये १२१ सामने गमावले होते, त्याच संघासाठी त्याने १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) घेतले होते. त्याच्या करारमुक्तीला दोन वर्षे होती.

या निर्णयाविरुद्धचा युक्तिवाद सरळ आहे. चांगला कॅचर बाजारात मिळत नाही. मिळाला तर तिशी ओलांडलेला आणि महाग मिळतो. आणि वूस्टरला पोहोचलेला कॅचर म्हणजे सहा वर्षे अल्प पगारात सांभाळता येणारी दुर्मीळ चीज. शिवाय त्या वेळी बोस्टनच्या मुख्य कॅचरने .२८० ची सरासरी आणि १३ होमरन अशी कामगिरी केली असली, तरी चेंडू झेलून पंचाकडून स्ट्राइक मिळवण्याच्या कौशल्यात, म्हणजे फ्रेमिंगमध्ये, तो लीगच्या तळाशी होता. अशा वेळी घरातला वारस देऊन टाकणे अनेकांना अविचार वाटला.

दुसरी बाजू अशी की वरच्या दर्जाचा डावखुरा सुरुवातीचा पिचर त्याहून दुर्मीळ असतो, आणि होतकरू कॅचरचे मोल नेमके तेव्हाच सर्वाधिक असते जेव्हा तो अजून मुख्य संघात खेळलेला नसतो. २०१५ मध्ये हे मोल हातात धरून ठेवले आणि ते चार वर्षांत मातीमोल झाले. कॅचरच्या शरीराची झीज, फलंदाजी आणि झेलणे यांचा एकाच वेळी विकास होण्यातली अडचण, आणि एका दुखापतीने सारे वेळापत्रक विस्कटण्याची शक्यता पाहता या जागेवरच्या होतकरूंचा भरवसा इतर जागांवरच्यांपेक्षा कमीच धरावा लागतो. बोस्टनने आपले सर्वोत्तम आउटफिल्डर आणि इनफिल्डर राखून कॅचर दिला, यात ही जुनी आठवण असावी असे मानायला जागा आहे. राखलेल्यांपैकी एकाशी पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये आठ वर्षांचा १३ कोटी डॉलरचा करारही झाला.

निकाल पाहिला तर पारडे बोस्टनच्या बाजूला झुकते. आलेल्या पिचरशी सहा वर्षांचा १७ कोटी डॉलरचा करार झाला, त्याने २०२५ मध्ये २५५ स्ट्राइकआउट घेऊन लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, आणि बोस्टन २०२१ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचले. गेलेला कॅचर जूनमध्ये शिकागोच्या मुख्य संघात आला आणि ७८ सामन्यांत .२७३ ची सरासरी व ८ होमरन अशी आश्वासक सुरुवात करून गेला. तेव्हा तो व्यवहार लुटीचा नव्हता. दोघांनाही हवे ते मिळाले.

परंतु चर्चा सारी त्या पिचरभोवती फिरली आणि त्याच दिवसाचा दुसरा व्यवहार झाकोळला. बोस्टनने न्यूयॉर्कच्या आपल्या हाडवैऱ्याकडून व्हेनेझुएलाचा एक कॅचर घेतला. या दोन संघांत खेळाडूंची देवघेव क्वचितच होते. त्याआधीची डिसेंबर २०२३ मधली. मेजर लीगचे केवळ सहा सामने खेळलेल्या या कॅचरकडे न्यूयॉर्कमध्ये राखीव म्हणूनच पाहिले जात होते. बदल्यात बोस्टनने परदेशी करारांसाठीच्या निधीतला काही भाग आणि २०२१ च्या ड्राफ्टमधील पोर्तो रिकोचा एक पिचर दिला, आणि तो पिचर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वांत आश्वासक तरुणांपैकी एक ठरला. म्हणजे कॅचर फुकट आला नाही. मात्र त्याच्या फ्रेमिंगने बोस्टनच्या पिचरांचे काम इतके हलके केले की जूनपर्यंत कोणी वूस्टरच्या त्या हरवलेल्या वारसाचे नाव फारसे काढत नव्हते.

या हिवाळ्यातला शोध गुंतागुंतीचा होण्यामागे एक नवा नियमही आहे. २००८ पासून सर्व मैदानांवर प्रत्येक चेंडूचा मार्ग नोंदवला जाऊ लागला, फ्रेमिंगची किंमत धावांमध्ये मोजता येऊ लागली, आणि संघांनी बॅटिंगमध्ये दुबळे पण हात स्थिर असलेले कॅचर जपायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र २०२६ पासून पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागण्याची सोय मंजूर झाली. प्रत्येक संघाला दोन संधी मिळतात, दाद योग्य ठरली तर संधी शाबूत राहते, आणि ती बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनीच, डगआउटची मदत न घेता, लगेच टोपीला हात लावून मागायची असते. फ्रेमिंग यामुळे संपत नाही, कारण बहुतेक चेंडूंवर पंचाचाच शब्द चालतो. पण कडेचा चेंडू आत होता की बाहेर हे अचूक ओळखून दोन संधी जपून वापरणारा कॅचर आता अधिक मोलाचा ठरेल. कनिष्ठ संघांत ही पद्धत आधीपासून असल्याने तिथून वर येणाऱ्या तरुणांना तिचा सराव आहे, आणि बोस्टनकडे नेमका असा तरुण वरच्या पायरीवर नाही.

खालच्या पायऱ्यांवर आहेत ते दूरचे. व्हेनेझुएलाच्या एका कॅचरकडून संघाला आशा आहेत, पण गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्याने २०२४ मधला त्याचा बहुतांश मोसम वाया गेला. डिसेंबर २०२५ मध्ये त्याचा थोरला भाऊ, जो आउटफिल्डर आहे, पिट्सबर्गला देण्यात आला. त्या व्यवहारात बोस्टनला मुख्यतः एक सुरुवातीचा पिचर हवा होता, आणि जोडीला त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधला एक कॉलेजचा कॅचर मिळाला. मुख्य संघात पोहोचायला त्यालाही किमान दोन वर्षे लागतील. तोवर पहिल्या कॅचरचा गुडघा आणि दुसऱ्या कॅचरची बॅट यांवरच सारे अवलंबून असल्याने, एक-दोन वर्षांच्या करारावर मिळणारा अनुभवी, डाव्या हाताने बॅटिंग करणारा कॅचर हा या हिवाळ्यातला व्यवहार्य पर्याय उरतो.